नाताळ म्हणजे येशूचा वाढदिवस, एवढेच का?

कोथरूडची वाचक

नमस्कार. प्रश्न काहींना फार प्राथमिक वाटेल, तरी विचारते.

माझ्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी ख्रिस्ती आहेत. गेली आठ-नऊ वर्षे 24 डिसेंबरच्या संध्याकाळी आम्ही सहकुटुंब त्यांच्या घरी जातो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या असा आपल्या दिवाळीला शोभेल असा फराळ होतो, केक होतो, आणि मग लष्कर भागात महात्मा गांधी रस्त्यावरची रोषणाई व गर्दी पाहून आम्ही परततो. मागच्या वर्षी मात्र त्यांच्या आग्रहावरून मी प्रथमच रात्रीच्या मराठी उपासनेला बसले. बाळ येशूच्या जन्माची गोष्ट सांगतील, गाणी होतील, अशी माझी अपेक्षा होती. गाणी झालीही, पण प्रवचन जवळजवळ संपूर्ण ‘शब्द देही झाला’ या एका वाक्यावर होते, आणि त्यात गव्हाणीइतकाच क्रूसाचा उल्लेख झाला. बारशाच्या घरी कोणी मरणाचे बोलत नाही, म्हणून मला ते चमत्कारिक वाटले.

परतताना सातवीतल्या मुलीने विचारले, “आई, म्हणजे ही त्यांची गोकुळाष्टमीच ना?” मी हो म्हणून वेळ मारून नेली, पण आपण काहीतरी चुकीचे सांगितले अशी रुखरुख राहिली आहे. केक, चांदणी, सांताक्लॉज हे सारे बाजूला ठेवले, तर आजच्या श्रद्धावान ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने या दिवशी नेमके काय घडले? तो जन्मदिवस आहे, अवतार आहे, की आणखी काही? सहकाऱ्यांना थेट विचारायचा संकोच वाटतो, कारण इतकी वर्षे त्यांचा फराळ खाऊन आता हे विचारायचे म्हणजे जरा लाजिरवाणेच.

गुरुवार पेठ

ताई, संकोच करू नये. आमच्या पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये 1890 साली चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापर्यंत सगळ्यांमागे प्रायश्चित्ताचा ससेमिरा लागला होता. त्या मानाने आपण करंज्यांवर निभावलात.

मी आमच्या मंडळीत रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतो, आणि आपल्या मुलीचा प्रश्न आमची मुलेही विचारतात, कारण तीही याच शहरात दहीहंडी पाहत वाढतात. माझे उत्तर असे आहे. वाढदिवस हा शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ज्याचा वाढदिवस असतो तो त्या दिवसापूर्वी नसतो. ख्रिस्ती श्रद्धा मात्र असे म्हणते की जो बेथलेहेमात जन्मला तो आधीपासून होता. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, पहिला अध्याय वाचून पाहा. त्यात मरिया नाही, मेंढपाळ नाहीत, गव्हाणीही नाही. प्रारंभी शब्द होता, शब्द देवासह होता, शब्द देव होता, अशी सुरुवात आहे, आणि चौदाव्या वचनात तो शब्द देही होऊन माणसांत वस्ती करतो. म्हणून आमच्याकडे जाणकार माणसे ‘जन्म’ म्हणण्यापेक्षा ‘देहधारण’ म्हणणे पसंत करतात. नाताळ हा पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आलेला शब्द खरे तर ‘जन्म’ एवढेच सांगतो. सणाचा आशय त्याहून मोठा आहे.

आता क्रूसाचे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, आणि मरणापर्यंत, तेही क्रूसावरच्या मरणापर्यंत, तो आज्ञाधारक राहिला. या उताऱ्यात जन्म आणि मरण ही एकाच उतरणीची दोन टोके आहेत. देव खाली उतरतो आणि गव्हाणीपाशी थांबत नाही, माणूस जिथवर जातो तिथवर जातो, म्हणजे मरणापर्यंत. आपण ऐकलेल्या प्रवचनात दोन्ही गोष्टी आल्या त्या याच कारणाने. लहानपण मागणारे संत आपल्या मराठी मातीत पुष्कळ झाले. नाताळचे म्हणणे असे की इथे देवानेच लहानपण घेतले.

अवताराशी तुलना करताना मी सावध असतो, कारण ती तुलना करणाऱ्याला बहुधा दोन्हींपैकी एकच बाजू नीट माहीत असते. तरी दोन फरक सांगतो. गीतेत अवताराचे प्रयोजन साधूंचे रक्षण आणि दुष्टांचा नाश असे सांगितले आहे. येशू मात्र म्हणतो की मी नीतिमानांना नव्हे, तर पाप्यांना बोलावण्यास आलो आहे. दुसरा फरक संख्येचा. अवतार युगायुगांत होतात. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देहधारण एकदाच झाले, आणि घेतलेला देह नंतर टाकून दिला गेला नाही: पुनरुत्थान देहासह, स्वर्गारोहणही देहासह. देवाने मानवी देह कायमचा आपलासा केला, हे विधान पहिल्या शतकात जितके धक्कादायक होते तितकेच मला आजही वाटते.

सदाशिव पेठेतला शंकेखोर

वरील उत्तर चांगले आहे, पण त्यात अवताराच्या बाजूने थोडा अन्याय झाला आहे असे नम्रपणे वाटते. कृष्णही देवकीच्या उदरातून, बंदिशाळेत, मध्यरात्री जन्मला. कंसाने बालके मारली, येशूच्या जन्मावेळी हेरोद राजानेही मारली. नवजात बाळाला जीव वाचवण्यासाठी रातोरात हलवावे लागले, हेही दोन्हीकडे आहे. शिवाय कृष्णाचा देह हा देखावा होता असे आमच्या भाविक आजीला कोणी सांगितले असते, तर तिने त्याला दारातून घालवले असते. तिच्या लेखी रांगणारा, लोणी खाणारा, मार खाणारा कृष्ण खराच होता. मग सातवीतल्या मुलीचे म्हणणे इतके चूक कसे?

गुरुवार पेठ

आपला आक्षेप मान्य आहे; साम्ये खरी आहेत आणि मी ती लपवायला नको होती. आजींशी तर मी वाद घालणारच नाही. फरक गोष्टीत कमी आणि गोष्टीचा शेवट कशात मानायचा यात अधिक आहे. बाळकृष्ण कंसाचा वध करतो आणि मथुरा मुक्त होते. हेरोद मात्र अंथरुणावर मरतो, रोमचे राज्य तसेच राहते, आणि ज्याला राजा म्हणून शोधत ज्ञानी लोक आले होते तो तीस-बत्तीस वर्षांनी त्याच राज्याच्या एका सुभेदाराच्या हुकमाने वधस्तंभावर जातो. ख्रिस्ती माणूस या शेवटाला पराभव मानत नाही, त्यालाच तारण म्हणतो. हे पटले नाही तरी चालेल, पण नाताळचा अर्थ इथूनच मागे वाचावा लागतो. पहिल्या ख्रिस्ती लोकांनीही तसाच वाचला: पुनरुत्थानाचा सण आधी रूढ झाला, जन्माचा पुष्कळ नंतर. मार्काच्या शुभवर्तमानात तर जन्मकथाच नाही, आणि त्यामुळे मार्काची श्रद्धा कुठे कमी पडली असे कोणी म्हणत नाही.

वडगावशेरीकर

मी कॅथलिक आहे, त्यामुळे तत्त्वापेक्षा विधीवरून सांगणे मला सोपे जाईल. आमच्याकडे सण 25 तारखेला सुरू होत नाही. त्याआधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो. हिरव्या डहाळ्यांच्या वर्तुळात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक अधिक पेटवायची. जांभळा हा पश्चात्तापाचा रंग, हे लक्षात घ्यावे. पहिल्या रविवारचे वाचन बाळाविषयी नसतेच; ते ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याविषयी, जागे राहण्याविषयी असते. म्हणजे चर्च म्हणते की जो आला तो येणारही आहे, आणि या दोन आगमनांच्या मधल्या काळात तुम्ही कसे जगत आहात ते सांगा. बाहेर दुकानांत पहिल्या आठवड्यापासून सांताची टोपी लटकते आणि आत आम्ही जांभळ्या रंगात बसलेले असतो, ही विसंगती मला दरवर्षी बोचते. आमच्याच घरात केकची तयारी आगमनकाळात होते आणि पापनिवेदन लांबणीवर पडते, त्यामुळे दुकानदारांना बोल लावण्यात अर्थ नाही.

आता गव्हाणीचे. आमच्या आईची पद्धत अशी होती की डिसेंबरच्या मध्याला दोन पितळी ताटल्यांत माती पसरून गहू पेरायचे, आपण घटस्थापनेला पेरतो तसेच. नाताळापर्यंत वीतभर पोपटी रोपे होतात आणि तेच गोठ्याभोवतीचे शेत. गाय, गाढव, योसेफ, मरिया, मेंढपाळ, सगळे आठवडाभर आधी मांडून होतात, पण मधली गव्हाणी रिकामी. बाळाची मूर्ती कपाटात रुमालात गुंडाळलेली असते आणि मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेनंतर, घरातले सर्वांत लहान मूल ती आणून ठेवते. लहानपणी मला त्या रिकाम्या जागेकडे पाहताना भीती वाटायची, की यंदा बाळ आलेच नाही तर? आता वाटते की आगमनकाळ म्हणजे नेमकी तीच भीती आणि तीच वाट पाहणे. गोठा मांडण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली ग्रेचो या गावी मांडलेल्या देखाव्यापासून लोकप्रिय झाली. त्याने खरे गवत आणि खरी जनावरे आणली होती, कारण लोकांनी देवाचे दारिद्र्य डोळ्यांनी पाहावे अशी त्याची इच्छा होती.

बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे, आणि गव्हाणी ही जनावरांनी खाण्याची जागा. आमच्या फादरांनी एकदा हे दोन्ही जोडून दाखवले होते, की जो पुढे ‘मी जीवनाची भाकर आहे’ असे म्हणणार आहे त्याला जन्मताच खाण्याच्या जागी ठेवले गेले. म्हणून आमच्यासाठी नाताळ मिस्सेशिवाय, त्या उपासनेत मिळणारी भाकर, म्हणजे ख्रिस्तशरीर, स्वीकारल्याशिवाय, पुरा होत नाही. ज्ञानी लोकांच्या भेटींतही तोच धागा आहे: सोने, ऊद आणि गंधरस. गंधरस प्रेताला लावत असत; येशूला पुरतानाही निकदेमाने तो आणल्याचे योहान लिहितो. बाळंतविड्यात असली वस्तू कोणी देत नाही. (ते ज्ञानी लोक तीन होते असे मत्तय कुठेही म्हणत नाही, भेटी तीन म्हणून आपण माणसेही तीन केली.)

आणखी एक गोष्ट पुढच्या वेळी आवर्जून पाहा. 325 साली नाइकेया आणि 381 साली कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मसभांतून आलेला विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, आम्ही रविवारी म्हणतो, तेव्हा ‘तो मानव झाला’ या शब्दांना एरवी फक्त मान लववतो. नाताळच्या मिस्सेत मात्र त्याच शब्दांना सगळे देऊळ गुडघे टेकते. नवी साडी, इस्त्रीचा सूट, अंगावर झोपलेले मूल, सगळ्यांसह. काही क्षण बाकांच्या करकरीखेरीज काही ऐकू येत नाही. नाताळचा अर्थ कोणी मला एका कृतीत दाखवायला सांगितला, तर मी ही दाखवीन.

पिंपरीचा विश्वासी

जय ख्रिस्त. येथे सर्वांनी प्रेमाने लिहिले आहे, तरी एक बाजू राहू नये म्हणून लिहितो. आमच्या मंडळीत नाताळ पाळत नाहीत. 25 डिसेंबर ही तारीख पवित्र शास्त्रात कुठेही नाही, जन्मदिवस साजरा करण्याची आज्ञाही नाही. प्रभूने आपले स्मरण करण्यास सांगितले ते भाकर मोडताना, म्हणजे त्याच्या मरणाचे. रोममध्ये सूर्यदेवाचा सण होता तोच नाव बदलून चालू ठेवला गेला, असे आम्ही मानतो. झाड, तारे, दारू आणि नाच यांत ख्रिस्त कुठे आहे, हा प्रश्न आधी विश्वासणाऱ्यांनी स्वतःला विचारावा. बाकी, शब्द देही झाला यावर आमचा पूर्ण विश्वास आहे, आणि तो वर्षातल्या एका दिवसापुरता नाही.

गुरुवार पेठ

दादा, आपल्या शेवटच्या वाक्याला माझे आमेन. असे म्हणणारे आपण पहिले नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये प्युरिटन पंथीयांच्या संसदेने 1647 साली हा सण अधिकृतपणे बंद केला होता, आणि त्यांची कारणेही जवळपास हीच होती.

तारखेविषयी मात्र थोडे सांगावेसे वाटते. 25 डिसेंबरला ख्रिस्तजन्माची नोंद आढळते ती रोममधल्या 354 सालच्या एका पंचांगवजा संग्रहात. सम्राट ऑरेलियन याने 274 साली ‘अजिंक्य सूर्या’चे मंदिर उभारले, हे खरे आहे, आणि अनेक अभ्यासक त्या सणाशी संबंध जोडतात. पण दुसरे एक मत असे की आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी 25 मार्च हा क्रूसावरील मरणाचा दिवस धरला, गर्भधारणाही त्याच तारखेला मानली, आणि त्यापुढे नऊ महिने मोजले. हे मत बरोबर असेल तर जन्माची तारीखसुद्धा मरणावरून काढलेली ठरते, आणि ताईंच्या प्रवचनकारांना त्यात आनंदच वाटेल. आर्मेनियन चर्च आजही 6 जानेवारीला जन्मोत्सव करते, आणि जुने पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा नाताळ आपल्या 7 जानेवारीला येतो. कोणाचाही विश्वास त्यामुळे डळमळलेला नाही. माझ्यापुरते म्हणाल तर तारीख सोयीची आहे आणि घटना खरी आहे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. धर्मशास्त्र शिकलेले नाही, म्हणून हे वाचत होते आणि गप्प होते, पण ‘देह’ या शब्दावर मला काही सांगायचे आहे.

प्रसूती विभागात असल्यामुळे माझ्या नोकरीतले कितीतरी नाताळ लेबर रूममध्ये गेले. शुभेच्छापत्रावरचे बाळ गोरे, कोरडे आणि हसरे असते. खरे बाळ तसे येत नाही. निळसर, ओले, अंगावर पांढरा चिकट थर, केसांना रक्त लागलेले, आणि पहिला श्वास घेईपर्यंत खोलीतल्या प्रत्येकाचा जीव टांगणीला. मग नाळ कापायची, पुसायचे, दुपट्यात घट्ट गुंडाळायचे, कारण ते स्वतःची ऊब धरू शकत नाही. वार पडेपर्यंत आईवरून नजर हलवता येत नाही. लूक लिहितो की मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले होते, पण एका 24 तारखेच्या रात्री, साधारण अडीच वाजता, एका ऊसतोडणी मजुराच्या बायकोचे बाळ गुंडाळताना ते पहिल्यांदा कळले. तिच्याबरोबर बाईमाणूस कोणी नव्हते. नवरा बाहेर जिन्यात बसला होता. मरियेजवळ तरी कोण होते? लूक कोणा सुईणीचा उल्लेख करत नाही. गुंडाळले तिनेच, ठेवले तिनेच.

देव माणूस झाला हे म्हणताना आपण फार लवकर दिव्याकडे, ताऱ्याकडे, गाण्याकडे वळतो. त्याची मान कोणाला तरी धरावी लागली असेल. दोन-अडीच तासांनी दूध पाजावे लागले असेल. जो जग सांभाळतो असे आम्ही म्हणतो त्याने स्वतःला एका पंधरा-सोळा वर्षांच्या म्हणाव्या अशा मुलीच्या हाती सोपवले. (वय शास्त्रात दिलेले नाही; मी माझ्या वॉर्डातल्या मुलींवरून म्हणते.) तेव्हापासून कुठल्याही बाळाला उचलताना माझा हात जरा वेगळा होतो. ते बाळ कोणत्या धर्माचे, हे विचारायचे तेव्हा मनातही येत नाही.

आणि ताई, मरियेचे स्तोत्र जरूर वाचा, लूकच्या पहिल्याच अध्यायात आहे. गरोदर मुलगी गाते आहे, पण अंगाईसारखे त्यात काही नाही. देवाने अधिपतींना राजासनांवरून ओढून खाली आणले, दीनांना उंच केले, भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केले आणि धनवानांना रिकाम्या हाताने लावून दिले, असे ते आहे. आमच्या नाताळच्या संमेलनांत हे स्तोत्र क्वचितच म्हटले जाते. पाहुण्यांत कोणी धनवान असतील म्हणून असेल.

सदाशिव पेठेतला शंकेखोर

सिस्टर, आपण लिहिलेले आजीला वाचून दाखवता आले असते तर बरे झाले असते. ती स्वतः सुईणपण करायची. माझी शंका पूर्ण मिटली असे नाही, पण ती आता वेगळ्या जागी जाऊन बसली आहे.

कोथरूडची वाचक

सर्वांची मनापासून आभारी आहे. पिंपरीच्या दादांचेही, कारण सगळे ख्रिस्ती एकाच पद्धतीने विचार करतात असे मी गृहीत धरले होते. काल मुलीला बसवून योहानाचा आणि लूकचा असे दोन्ही पहिले अध्याय वाचले. तिचे म्हणणे असे की योहान वरून सांगतो आणि लूक खालून. गोकुळाष्टमीचा मुद्दा तिने सोडलेला नाही. “सारखे आहे, पण तेच नाही” असा तिचा सध्याचा निकाल आहे.

आता एक व्यावहारिक शंका. यंदा सहकाऱ्यांनी त्यांच्या एका कॅथलिक नातेवाइकांबरोबर मध्यरात्रीच्या मिस्सेला येण्याचे निमंत्रण दिले आहे. सगळे रांगेने पुढे जाऊन प्रसादासारखे काही घेतात, तेव्हा आम्ही काय करावे? न घेतल्यास अपमान होईल का?

वडगावशेरीकर

अजिबात होणार नाही. तो प्रसाद नव्हे. आमच्या श्रद्धेने ते ख्रिस्ताचे शरीर आहे, म्हणून ज्यांनी ती श्रद्धा स्वीकारून पहिले ख्रिस्तशरीर घेतले आहे त्यांनीच ते घ्यायचे असते. आपण जागेवर शांत बसून राहावे. शेजारच्यांना बाहेर जाता येईल इतके पाय आवरून घेतले की झाले. काही ठिकाणी हात छातीशी दुमडून पुढे गेल्यास फादर आशीर्वाद देतात, पण ते त्या चर्चची रीत काय आहे हे यजमानांना विचारून करावे. मिस्सेनंतर गोठ्यापाशी मात्र सगळे जातात, तिथे मुलीला अवश्य घेऊन जा.

वेळही विचारून ठेवा, कारण ‘मध्यरात्रीची’ म्हटली तरी हल्ली पुष्कळ ठिकाणी ती बरीच आधी सुरू होते. गर्दीमुळे खुर्च्या बाहेर अंगणात मांडलेल्या असतील, तेव्हा शाल आणि मुलीला कानटोपी हवीच. डिसेंबरात तिथे बसून राहिले की थंडी पायांतून वर येते.